वेंगुर्ला ते आंबोली: वेलींच्या प्रकल्पाची वही

२ जून २०२४

वही नवी, विषय जुना. तीन पावसाळे नुसतं "यंदा करूया" म्हणण्यात गेले. प्रश्न एवढाच: वेंगुर्ल्याच्या वाळूपासून आंबोलीच्या माथ्यापर्यंत चढत गेलं, तर वेलींच्या जाती कमी होत जातात का? होत असतील तर कुठल्या गळतात आणि कुठल्या तग धरतात?

पुस्तकी उत्तर तयार आहे. उष्ण कटिबंधातल्या डोंगरांवर लाकडी खोडाच्या दांडग्या वेली सखल जंगलात सर्वांत जास्त, आणि उंची वाढेल तशा विरळ. अल्विन जेन्ट्री या अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञाने दक्षिण अमेरिकेतली जंगलं अक्षरशः पट्ट्यापट्ट्यांनी मोजून हे दाखवलं. १९९३ मध्ये इक्वाडोरमध्ये सर्वेक्षण करतानाच विमान अपघातात गेला बिचारा. त्याची पद्धत मला आवडते कारण ती गरिबाची आहे: दोरी, टेप आणि चिकाटी. दोन मीटर रुंद, पन्नास मीटर लांब असे दहा पट्टे. एकूण हजार चौरस मीटर, म्हणजे आपले जवळजवळ दहा गुंठे. तात्यांना गुंठ्यात सांगितल्यावर लगेच समजलं.

तो अडीच सेंटिमीटरच्या वरची खोडं मोजायचा. आम्ही एक सेंटिमीटरपासून मोजणार. जाडी घ्यायची ती मुळापासून वेलीच्या अंगाअंगाने १३० सेंटिमीटरवर, जमिनीपासून सरळ वर नाही. वेल सरळ उभी राहत नाही, हे टेप धरणाऱ्याला पहिल्या दिवशीच सांगावं लागतं.

मंडळी तीन: मी, बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला असलेला भाचा, आणि तात्या. तात्यांचा एकच प्रश्न: "बाई, येल मोजून काय गावतला?"

१६ जून

प्लॉट १, वेंगुर्ल्याजवळचा किनारा आणि खाडीची कड. मिरगाचा पाऊस चार दिवस जोरात झाला, आज उघडीप.

पहिलाच वाद मर्यादवेलीवरून. नावात वेल आहे, पण चढते कशावर? वाळूवर लांबच लांब पसरते, समुद्राने इथवर यावं आणि पुढे येऊ नये अशी रेघ मारल्यासारखी. भाच्याचं म्हणणं, "मावशी, नावात वेल आहे म्हणजे मोजायची." मी नाही म्हटलं. आम्ही चढणाऱ्या वेली मोजतोय, सरपटणाऱ्या नाही. वेगळ्या पानावर नोंद केली.

खऱ्या चढणाऱ्या दोन. कुंपणाच्या कडेला सागरगोट्याचं काटेरी जाळं, आणि खाडीत तिवरांवर चढलेली करंजवेल. भरतीचं खारं पाणी बुंध्याशी आणि वर हिरवागार पसारा. सोबत गुळवेल, गुंज, वासनवेल, या कुठेही भेटणाऱ्या.

कचऱ्याच्या रेघेत नारळाच्या करवंट्या, चपला, थर्माकोल आणि मधोमध गारंबीची एक बी. तळहाताच्या खळग्यात बसेल एवढी, तपकिरी, चकचकीत. गारंबी इथे नाही. ती वर घाटात आणि देवाच्या नावाने राखलेल्या रायांमध्ये. बी आतून थोडी पोकळ असल्याने तरंगते. ओढ्यातून नदीत आणि नदीतून समुद्रात येते. आम्ही खालून वर निघालोय आणि ही वरून खाली आली. खिशात टाकली.

१८ जुलै

काल आषाढी, आज द्वादशी. उपास सोडायला शेजारच्या काकूंनी वाघाटीची भाजी पाठवली. बिया नीट काढल्या नव्हत्या, तोंड कडू झालं. वाघाटीही काटेरी वेलच. प्लॉट २ मध्ये दोन ठिकाणी आहे.

प्लॉट २ म्हणजे सावंतवाडी तालुक्यातल्या एका काजूबागेला लागून असलेलं खाजगी रान, उंची ८० मीटरच्या आसपास. जांभ्याची जमीन, वर पातळ माती. किंजळ, ऐन, मधेमधे उंडगे काजू. कुसर, कारांदा, कळलावी, उक्षी, घोटवेल, शिकेकाई असा चांगला भरणा. पट्टे आखून झाले, टॅग लावले. वर मान करून करून मानेत उसण.

४ ऑगस्ट

प्लॉट ५, आंबोली. धबधब्याजवळ गाड्यांची रांग, कणसं, भजी, मोठ्याने गाणी. दीड किलोमीटर आत आलं की आवाज फक्त पानांवरून ठिबकणाऱ्या पाण्याचा.

धुकं इतकं, की पट्ट्याच्या त्या टोकाला उभा असलेला भाचा दिसेना. नुसतं "हो, हो" ऐकू येत होतं. जळवा मोजायच्या सोडून दिल्या. वेंगुर्ल्याला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, इथे सात हजारांच्या आसपास. सरळ रेषेत अंतर फार नाही. मधे फक्त घाटाची भिंत.

झाडं बुटकी. अंजन, जांभूळ, पिसा. बुंध्यांवर शेवाळ, फांद्यांवर आमरी. चढणाऱ्यांत आंबगुळी, घोटवेल, वावडिंग, आणि झाडाला मुळांनी चिकटून गेलेली रानमिरी व गणेशकांदा. दांडगं, मनगटाएवढं खोड असलेलं काही नाही. दहा गुंठ्यांत एकच उंबळी बऱ्यापैकी जाड.

उंबळीसाठी वेगळी ओळ. ही अनावृतबीजी वनस्पती, म्हणजे नातं सायकस आणि पाइनशी, पण वागणं अस्सल वेलीचं. खोडावर ठरावीक अंतराने सुजल्यासारखी पेरं. पानं समोरासमोर आणि सपुष्प झाडासारखी जाळीदार, त्यामुळे वर्गात पान दाखवलं तर मुलं हमखास फसतात. लाकडात पाणी वाहणाऱ्या रुंद नळ्यासुद्धा आहेत, ज्या पाइनसारख्या तिच्या भावकीत नसतात.

भाच्याच्या घड्याळात उंची ७६८ दाखवली. जरा जास्त वाटते. उद्या बघू.

११ ऑगस्ट

घड्याळ घेऊन मुद्दाम वेंगुर्ल्याला गेले. पाय लाटेत आणि घड्याळ म्हणतंय ६८ मीटर.

चूक घड्याळाची नाही, आमची. ते हवेचा दाब मोजतं आणि समुद्रसपाटीचा दाब १०१३ हेक्टापास्कल धरून उंची काढतं. ऐन पावसाळ्यात किनाऱ्यावर दाब असतो साधारण १००५. एका हेक्टापास्कलला सव्वाआठ-साडेआठ मीटर धरा, म्हणजे आठाला झाले सदुसष्ट-अडुसष्ट. आपण चढलोच नाही, हवा उतरली.

सगळ्या उंच्या पुन्हा काढल्या, यावेळी वीस मीटरच्या समोच्च रेषा असलेल्या नकाशावरून. एक प्लॉट तर चुकीच्या टप्प्यात टाकला होता. दोन रविवार पाण्यात. हे आधी का तपासलं नाही, याचं उत्तर माझ्याकडे नाही, आणि भाचा विचारत नाही हे त्याचे संस्कार.

६ सप्टेंबर

उद्या चतुर्थी. प्रकल्पाला सुट्टी म्हणून गेले आणि सुट्टी मिळाली नाही.

तात्यांच्या घरी माटवी बांधत होते. गणपतीच्या डोक्यावरच्या लाकडी चौकटीला काय काय टांगलेलं: लालभडक कवंडाळ, कळलावीची फुलं, मालकांगणीचे घोस, नारळ, सुपारीचे शिपटे, तवशी, शेरवाडाची पांढरी पानं. पहिली तिन्ही वेलींची. घरातली मुलं सकाळी रानात जाऊन हे घेऊन आली, कुणालाही यादी द्यावी लागली नाही. आमची तीन महिन्यांची यादी कमी पडावी अशी नजर. कवंडाळ आमच्या प्लॉट २ मध्ये नव्हतं. "कुठे मिळालं?" विचारलं तर धाकटा म्हणाला, "तुमच्या दोरयेच्या भायर."

२० ऑक्टोबर

प्लॉट ४, घाटाचा उतार, साडेचारशे मीटरच्या आसपास. आतापर्यंतचा सर्वांत श्रीमंत प्लॉट, आणि सर्वांत त्रासाचा. उतार असा, की टेप सोडला तर दाणोलीला जाऊन उचलावा.

गारंबी, वेत, उक्षी, वाकेरी, पळसवेल, उंबळी, सापसंद. सापसंदीच्या पानाखाली काटेरी मांसल अळी. आपल्या सह्याद्रीतलं ते मोठं पिवळं-काळं बर्डविंग फुलपाखरू याच कुळावर वाढतं. भाच्याने चाळीस फोटो काढले आणि जाडी मोजायची विसरला.

वहीत आता एक रकाना आहे: "कसा चढतो". डार्विनने १८६५ मध्ये वेलींचे गट पाडले तेच थोड्याफार फरकाने वापरतोय. खोडाने वळसे घालणारे, पानांनी किंवा तणाव्यांनी धरणारे, आकड्यांनी अडकणारे, मुळांनी चिकटणारे. कळलावी पानाच्या टोकाने धरते. टोक बारीक होत होत शेवटी बोटासारखं मुडपतं. वेत आकडे असलेला लांब चाबूक भिरकावतो आणि आपल्या शर्टालाही झाड समजतो.

आज वळशांची दिशा बघत बसले. जगात वळसे घालणाऱ्या वेलींपैकी दहात नऊ स्क्रूच्या आट्यासारख्या, म्हणजे उजव्या. कंदांच्या कुळात मात्र दोन्ही तऱ्हा. कारांदा डावा, परसातलं कोनफळ उजवं. कंद खणायची गरज नाही, काठीवरचा वळसा बघितला तरी अर्धी ओळख पटते. भाच्याला दोन्ही शेजारी दाखवले. त्याने कारांद्याची कोवळी वेल हलकेच सोडवून उलटी गुंडाळली. तासाभराने जेवून परत आलो तर टोक सुटून हवेत लोंबत होतं.

१७ नोव्हेंबर

प्लॉट २ गेला.

बागमालकाने बेणणी केली. काजूला मोहर यायच्या आधी बुंधे मोकळे करतात, त्यात आमचा कोपराही साफ. ग्रासकटरने खालचं, कोयत्याने वरचं. टॅग लावलेली शिकेकाई कमरेच्या उंचीवर तोडलेली, टॅग शाबूत, वरचा सगळा पसारा झाडावर वाळतोय. माणसाचा दोष नाही. रान त्याचं, आणि आम्ही येतो हे त्याच्या गड्याला माहीत नव्हतं.

मला राग आला तो स्वतःचा. पाच महिने मी या प्लॉटला "८० मीटर उंचीचं जंगल" म्हणत होते. ते जंगल नाही. ते दोन बेणण्यांमधलं अंतर आहे.

तात्या मालकाच्या बाजूने: "काजीर येल चढलो काय काजी गेली." खरंच आहे. वेल सावली धरते, फांद्या मोडते, तोडणीला अडथळा करते. आणि एकट्या बागायतदारांना तरी का बोला? वनखात्याच्या जुन्या पद्धतीतही इमारती लाकडाच्या जंगलात वेली तोडणं हे नेमाचं काम होतं. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी ब्राझीलहून काजू आणला. आज आमच्या भागात सखल पट्ट्यात जिकडे बघावं तिकडे काजू, नाहीतर रबर, नाहीतर आंब्याची कलमं.

मग माझा आलेख नेमकं काय दाखवणार? उंचीचा परिणाम की कोयत्याचा?

८ डिसेंबर

सखल भागात कोयता न लागलेली जागा शोधायची, तर एकच पत्ता: राई.

तात्यांच्या आजोळच्या गावची राई, समुद्रसपाटीपासून साधारण ९० मीटर. दोरी ताणायची परवानगी मागितली तर गावकरी म्हणाले, आमची काही हरकत नाही, पण पयलो देवाक कौल लावूक व्हयो. गुरवाने पाषाणाच्या दोन्ही अंगांना ओल्या पाकळ्या लावल्या आणि गाऱ्हाणं घातलं: "बाई शिकवणारी आसा, झाडाक हात लावची नाय, नुसता मोजतली, तिका उजवो दी म्हाराजा." पंधरा मिनिटं सगळे गप्प. पाणी ओघळतंय, पाकळी हलत नाही. मी विज्ञान शिकवते आणि माझे तळहात घामाने ओले. उजवी पडली.

आत गेलो आणि पाच मिनिटं कुणी टेप काढला नाही. गारंबीचं खोड माझ्या मांडीपेक्षा जाड, चपटं, पिळलेलं. जमिनीतून निघून एका सातवीणीवर चढतं, तिथून दुसऱ्या झाडावर, खाली झोळ, पुन्हा वर. सुरुवात कुठली आणि शेवट कुठला हे शोधायला भाच्याला अर्धा तास लागला. मुलांनी झोके घेऊन घेऊन झोळाचा भाग गुळगुळीत केलेला. वर दीड हात लांबीच्या हिरव्या शेंगा.

आणि त्याच दहा गुंठ्यांत पळसवेल, उंबळी, वाकेरी, सप्तरंगी, कुसर. प्लॉट ४ मध्ये "घाटातल्या" म्हणून मी ज्या लिहिल्या होत्या, त्यातल्या निम्म्या इथे ९० मीटरवर.

जुनं सगळं नुसतं वर सरकलेलं नाही. खालून पुसलं गेलंय.

९ डिसेंबर

काल परतताना खाजकुइलीच्या शेंगा कोपराला लागल्या. रात्रभर जागी. पाण्याने धुतलं, आणखी पसरलं. सकाळी काकूंनी शेण चोळलं. लिहायला तेवढंच आहे.

२६ जानेवारी २०२५

झेंडावंदन उरकून घाटपायथा, प्लॉट ३. पाऊस जाऊन साडेतीन महिने झाले. ऐनाची पानं गळायला लागलीत, गवत पिवळं. वेली मात्र हिरव्या.

कारण समजायला तात्यांनी प्रयोग करून दाखवला, प्लॉटच्या बाहेर, त्यांच्याच जमिनीत. मनगटाएवढी उक्षी निवडली. आधी हात पोचेल तितक्या वर घाव, लगेच खाली दुसरा. दोन हात लांबीचा तुकडा उभा धरला आणि बुडातून पाण्याची धार. भाचा आ वासून खाली उभा. "हळू रे, नाकात जायत." चव किंचित तुरट, पाणी गार.

वरचा घाव आधी का? वरची पानं पाणी सतत खेचत असतात. खाली आधी तोडलं तर तुकड्यातलं पाणी वर ओढलं जातं. तात्यांना हे कुणी शिकवलं नाही. तहान लागली होती तेव्हा शिकले.

वेल स्वतःचा भार झाडावर टाकते, म्हणून खोडात लाकूड कमी आणि नळ्या रुंद. मुळं खोल. त्यामुळे कोरड्या दिवसांत झाडं हात आखडतात तेव्हा वेली वाढत राहतात. मध्य अमेरिकेतल्या जंगलांवर काम करणाऱ्या स्टीफन श्निट्झर यांनी २००५ मध्ये हीच मांडणी केली: सर्वांत ओल्या जंगलात नाही, तर कोरडा हंगाम लांब असलेल्या जंगलात महावेली जास्त. चार महिने पाऊस आणि आठ महिने कोरड, म्हणजे कोकणचा सखल पट्टा. वेलींचं माहेरच असायला हवं होतं हे.

रुंद नळ्यांची दुसरी बाजू अशी, की पाणी गोठलं तर आत हवेचे बुडबुडे धरतात आणि नळी निकामी होते. उंच पर्वतांवर वेली विरळ होण्याचं हे एक कारण. पण आंबोलीला हिम पडत नाही. शंभर मीटरला साधारण ०.६ अंश धरले तर किनाऱ्यापेक्षा चारच अंशांनी थंड. ते कारण आमच्याकडे लावता येत नाही.

१५ मार्च

शिमग्याची सुट्टी, ढोल चालू आहेत, आलेख काढला.

पहिला आलेख, राई सोडून: किनाऱ्यावर कमी, काजूच्या रानात मध्यम, पायथ्याला जास्त, घाटउतारावर सर्वांत जास्त, आंबोलीला पुन्हा कमी. मधे फुगलेलं पोट. भाचा खूश, कारण डोंगरांवर मधल्या उंचीला जाती जास्त सापडतात असं त्याने वाचलंय. खूप ठिकाणी तसं सापडतंही.

दुसरा आलेख, प्लॉट २ काढून तिथे राई: पोट गेलं. ९० मीटरपासून ४५० पर्यंत जवळजवळ सपाट, मग आंबोलीला घसरण. भाचा नाराज. "मावशी, पहिला जास्त छान दिसतो."

घसरणीबद्दल मला जे वाटतं ते असं. ७०० मीटर ही काही फार उंची नाही. बोर्निओतला किनाबालू पर्वत ४०९५ मीटर आहे. तिथे आमचं आख्खं आंबोली "सखल जंगल" म्हणून एका ओळीत संपेल. पण लहान, समुद्राजवळच्या डोंगरांवर पट्टे दाटीने बसतात. ढगांचं, शेवाळाचं, बुटक्या झाडांचं जंगल मोठ्या पर्वतरांगेत जेवढ्या उंचीवर लागतं, त्याच्या कितीतरी खाली ते इथे सुरू होतं. आल्प्समध्ये काम करणाऱ्यांनी या परिणामाला मासेनएर्हेबुंग असं नाव दिलं. उच्चारताना ढोलाशी स्पर्धा होते.

झाडंच बुटकी म्हटल्यावर महावेलीचा फायदा संपतो. कमी लाकडात उंच जाणं हा तिचा सगळा व्यवहार. माथाच जवळ असेल तर त्या व्यवहारात नफा काय? वारा आहेच. उलट मुळांनी चिकटणाऱ्यांना ओल हवी, ती आंबोलीला मुबलक. म्हणून गणेशकांदा आणि रानमिरी तिथे खुशाल, आणि गारंबी नाही. "कसा चढतो" हा रकाना नसता तर नुसता "जाती कमी" एवढाच आकडा हातात राहिला असता.

प्रत्येक उंचीला एकच प्लॉट, आणि राईही एकच. यावरून कोकणाबद्दल विधान करायला मी धजणार नाही. अजून निदान चार राया मोजायला हव्यात, आणि प्रत्येक गावात नवा कौल.

४ मे

तक्त्यात नवा रकाना टाकला: "शेवटचा कोयता कधी". प्रत्येक प्लॉटच्या मालकाला, गुराख्याला विचारून भरला. प्लॉट १: दरवर्षी, कुंपणासाठी. प्लॉट २: नोव्हेंबर. प्लॉट ३: "धा-बारा वर्सां झाली." प्लॉट ४: कुणाला आठवत नाही, कारण तिथे उभं राहणंच कठीण. प्लॉट ५: सरपण थोडंफार.

राईच्या ओळीत तात्यांना विचारलं, काय लिहू?

"ह्या रायेत कोयतो चालना नाय. तसाच लिवा."

तसंच लिहिलं. फक्त आज राईत गेलो तेव्हा देवळामागे वाळू आणि खडीचे ढीग होते. जीर्णोद्धार ठरलाय, सभामंडप मोठा होणार. गारंबीचा झोळ त्या बाजूला आठ पावलांवर. भाच्याने टेपने मोजलं, ५ मीटर ९० सेंटिमीटर. मानकऱ्यांची बैठक पुढच्या रविवारी. बाईमाणसाला बोलावतील की नाही माहीत नाही, पण तात्या म्हणालेत, नकाशा काढून द्या, मी घेऊन जातो. आज रात्री तो काढायचा आहे, एकास शंभर, गुंठ्यांत.